डोक्यावरची रेघ

दगडावर पहिलं अक्षर कोरणारा माणूस कोण होता हे इतिहासाला ठाऊक नाही. पण छिन्नी खाली ठेवून त्याने कपाळावरचा घाम पुसला, त्या क्षणी त्याच्या खांद्यावरून डोकावून ‘वेलांटी पहिली हवी होती’ असं म्हणणारा दुसरा माणूस तिथे हजर असणार, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पहिल्याचा वंश पुढे चालला की नाही कोण जाणे, दुसऱ्याचा मात्र भरभराटीला आला. शाळेत त्याने लाल शाई हातात घेतली, छापखान्यात तो मुद्रितशोधक झाला, लग्नपत्रिकेत ‘आशीर्वाद’ नीट छापलाय की नाही एवढंच बघून तो ती बाजूला ठेवतो, आणि बँकेत तो चेक पास करतो.

आमच्या धंद्यात तर हा गुण अंगी बाणवावाच लागतो. चेकवर अक्षरी रक्कम एक आणि आकडी रक्कम दुसरी असली, तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असं १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट कलम १८ मध्ये सांगतो. बी. कॉम.ला आम्ही हे कलम पाठ केलं होतं. म्हणजे कायद्याचा आकड्यापेक्षा अक्षरावर जास्त विश्वास! बँकेचा मात्र दोघांवरही नसतो. ती शेरा मारून चेक परत करते आणि वर त्याचे पैसेही कापून घेते. चूक काढून वर फी घेणारी माणसं जगात दोनच : बँकवाले आणि शिकवणीचे मास्तर.

या कलेत आमच्या तोडीची जमात कुठली असेल, तर ती कॉम्प्युटरवाल्यांची. बाहेरच्यांची समजूत अशी, की ही मंडळी रात्री जागतात, दाढी करत नाहीत आणि भाषेबिषेचं त्यांना काही सोयरसुतक नसतं. दाढीबद्दल आम्ही बोलत नाही. पण भाषेच्या बाबतीत ही माणसं सोवळ्यातल्या आजीबाईंइतकी कडक. दोन कॉम्प्युटरवाले एकमेकांना पहिला निरोप पाठवतात तो कामाचा असतो. दुसरा, पहिल्यातली चूक काढणारा. तिसरा, ‘अहो, तो विनोद होता’ असं सांगणारा. त्यानंतरचे तीनशे निव्वळ भांडणाचे. गेल्या साठेक वर्षांचा या जमातीचा इतिहास म्हणजे या निरोपांचाच इतिहास आहे. तो आमच्या परीने सांगतो.

सुरुवात चुकीपासून करू, कारण तिच्याशिवाय बाकीच्यांना काम नाही.

२२ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने शुक्राच्या दिशेने मरिनर-१ नावाचं यान सोडलं. ते भलतीकडेच वळायला लागलं, आणि उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी त्याला हवेतच नष्ट करावं लागलं. चौकशीत दोन कारणं निघाली. एक, मार्गदर्शनाच्या यंत्रणेतला बिघाड. दुसरं, आणि हेच आमच्या कामाचं, ते असं, की सूत्रातल्या एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ उतरवून घेताना राहून गेली होती. वर्तमानपत्रांनी त्या रेघेला हायफन म्हटलं, आणि आर्थर क्लार्क यांनी तिला इतिहासातला सर्वांत महागडा हायफन ठरवून टाकलं. किंमत सुमारे १ कोटी ८५ लाख डॉलर.

आता ही रेघ काय सांगत होती? तर ‘वेगाची सरासरी काढ आणि मग वाग.’ ती गेल्याबरोबर कॉम्प्युटर प्रत्येक बारीक हेलकाव्याला खरा मानून दुरुस्त्या करत सुटला. रॉकेट जरा इकडे झुकलं की टोक, जरा तिकडे झुकलं की टोक! नवीन सुनेला पहिल्या आठवड्यात असं टोकलं तर तीही भलतीकडेच वळेल, तिथे बिचाऱ्या रॉकेटचं काय? एक चिन्ह राहिलं ही चूक खरीच. पण रॉकेटला नडल्या त्या दुरुस्त्या. वाचकांनी ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी, पुढे लागेल.

असा हिसका बसल्यावर कॉम्प्युटरवाले टिंबाटिंबाला जपायला लागले यात नवल नाही. यंत्रापुढे ‘समजून घ्या हो’ चालत नाही. अमेरिकेत इंग्रजीचा असा नियम आहे, की वाक्याच्या शेवटी अवतरणचिन्ह आलं तर पूर्णविराम त्याच्या आत घालायचा. आता बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिलेला ‘व्हीआय’ नावाचा मजकूर टाइप करायचा प्रोग्रॅम घ्या. त्यात ‘डी’ हे बटण लागोपाठ दोनदा दाबलं की एक ओळ पुसली जाते, आणि टिंब दाबलं की आधीची कृती पुन्हा एकदा होते. समजा, एखाद्या व्याकरणशुद्ध गुरुजींनी ‘ओळ पुसायची असल्यास अमुक दाबा’ असं लिहून, नियमाप्रमाणे टिंब अवतरणाच्या आत घातलं. शिष्याने ते गुरुवाक्य समजून जसंच्या तसं दाबलं, तर एकाऐवजी दोन ओळी स्वर्गवासी! म्हणून या मंडळींनी देशाचा नियम धुडकावून टिंब अवतरणाबाहेर काढलं. ही हकिगत त्यांच्या ‘जार्गन फाइल’ नावाच्या कोशात आहे. हा कोश १९७५ साली स्टॅनफर्डला सुरू झाला आणि १९८३ साली पुस्तकरूपाने बाहेर पडला. पूर्णविराम कुठे द्यायचा यावरून आपल्या देशाच्या व्याकरणाशी फारकत घेणारी दुसरी जमात आमच्या ऐकिवात नाही.

तर इतकी काटेकोर ही माणसं! आणि त्यांच्याच घरातल्या दोन चुका बघा. युनिक्स ही आजच्या बऱ्याच कॉम्प्युटर व्यवस्थांची आजी. तिच्यात नवी फाइल निर्माण करण्याची जी आज्ञा आहे तिचं नाव ‘क्रिएट’. पण त्यातलं शेवटचं इंग्रजी ‘ई’ गायब. युनिक्सच्या दोन जनकांपैकी एक, केन थॉम्पसन. त्यांना विचारलं, की पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल? ते म्हणाले, त्या शब्दाला ‘ई’ लावीन. आयुष्यभराच्या कामाबद्दल एवढीच खंत! दुसरी चूक आणखी मजेची. आपण एका वेबपानावरून दुसऱ्यावर गेलो की ‘कुठून आला?’ या प्रश्नाचं उत्तर आपला कॉम्प्युटर आपोआप देतो. त्या उत्तराच्या रकान्याचं नाव ‘रेफरर’. इंग्रजीत या शब्दाला चार ‘आर’ लागतात. लिहिणाऱ्याने तीनच घातले. त्या काळच्या युनिक्सच्या शुद्धलेखन तपासनिसाला दोन्ही रूपं सारखीच अनोळखी, त्यामुळे कुणी हटकलं नाही. १९९६ साली नियमांचा मसुदा छापला गेला तोवर जगभरचे कॉम्प्युटर तीन ‘आर’वर पोसले गेले होते. तेव्हापासून आजतागायत ही चूक म्हणजेच शुद्धलेखन. योग्य स्पेलिंग लिहिलं तर यंत्र ओळखत नाही!

आम्हाला याचं आश्चर्य वाटलं नाही. खातं उघडताना कुणीतरी आडनावातलं एक अक्षर खाल्लेलं असतं. मग पासबुक तसं, चेकबुक तसं, कर्जाचे कागदही तसेच. दहा वर्षांनी खातेदार स्वतःच सही बदलतो, आणि पुढच्या पिढीचं आडनाव तेच होतं. ज्या चुकीवर बाराजणांचं काम उभं राहिलं, तिला चूक म्हणायची सोय उरत नाही. तिला ‘पद्धत’ म्हणतात.

आता विनोदाकडे वळू. कार्नेगी मेलन विद्यापीठ हे अमेरिकेत पिट्सबर्गला आहे. तिथल्या लोकांचा कॉम्प्युटरवर एक सूचनाफलक होता. १९८२ सालच्या सप्टेंबरात त्यावर कुणीतरी कोडं घातलं : लिफ्टचा दोर तुटून ती खाली पडतेय, आत मेणबत्ती जळतेय आणि पाऱ्याचा थेंब पडलाय, तर त्यांचं काय होईल? त्यावर दुसऱ्याने गंभीर चेहऱ्याने नोटीस लावली, की भौतिकशास्त्राच्या एका प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली आहे. झालं! काहींना ते खरंच वाटलं. मग विद्वानांची चर्चा सुरू झाली, की यापुढे विनोदाला काहीतरी खूण करावी. कुणी म्हणालं फुली, कुणी म्हणालं टक्क्याचं चिन्ह. १९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं, की अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस लिहावा आणि मान वाकडी करून बघावं : :-) हा हसरा चेहरा. मूळ निरोप पुढे हरवला, तो २००२ साली जुन्या टेपा उकरून पुन्हा मिळवला गेला. जगातल्या पहिल्या हसऱ्या चेहऱ्याला सापडायला वीस वर्षं लागली. आमच्या शाखेत अजून शोध चालू आहे.

थट्टा बाजूला ठेवली, तर त्या खुणेमागे एक साधी गरज होती. पारावर बसून एखाद्याला ‘गाढवा’ म्हटलं तर बरोबर चेहरा असतो, खांद्यावर हात असतो. कागदावर नुसता ‘गाढवा’ उरतो. आपल्याकडे वर्तमानपत्रांत भाषणाचा वृत्तांत देताना कंसात ‘हशा’ लिहायची रीत होती ती याचसाठी. जे हजर नव्हते त्यांना कळावं, की वक्त्याला तेव्हा कुणी मारलं नाही.

या मंडळींची विनोदबुद्धी १ एप्रिलला विशेष बहरते. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी धर्मयुद्धं आणि शांततेची विनवणी अशा विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. प्रश्न असा, की कॉम्प्युटरच्या पोटात आकडा साठवताना मोठ्या टोकाकडून साठवायचा की छोट्या? स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या गोष्टीत अंडं कुठल्या टोकाकडून फोडावं यावरून राज्यं लढतात. कोहेन यांनी तिथलीच नावं उचलून दोन्ही पक्षांना चिकटवली, आणि ती अजून चिकटलेली आहेत. निष्कर्ष असा, की टोक कुठलंही घ्या, पण सगळ्यांनी एकच घ्या. हवं तर नाणं उडवा. चेकवर ४/३ अशी तारीख बघितली की आम्हालाही हेच वाटतं. आमच्याकडे ती ४ मार्च, अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या जावयाच्या हिशेबी ३ एप्रिल. पण नाणं कुणी उडवलं नाही. आजही इंटरनेटवरून आकडे जातात ते मोठ्या टोकाकडून, आणि टेबलावरच्या बहुतेक कॉम्प्युटरांत बसतात ते छोट्या टोकाकडून. दर वेळी उलटापालट करावी लागते. भांडण मिटवण्यापेक्षा रोज अंडं फिरवणं माणसाला सोपं वाटतं.

१ एप्रिल १९९० रोजी तर कबुतरांच्या पायाला चिठ्ठी बांधून इंटरनेटचे निरोप कसे पाठवावेत याची रीतसर नियमावली निघाली. भाषा अगदी सरकारी परिपत्रकाची, गंमत त्यातच. २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन गावच्या हौशी मंडळींनी ती अमलात आणली. ९ निरोप पाठवले, ४ उत्तरं आली, आणि एकेकाला पाऊण तासाहून अधिक वेळ लागला. आमच्या मुख्य कचेरीशी केलेल्या पत्रव्यवहाराच्या मानाने हा निकाल उत्तमच म्हणायला हवा.

आता भांडण. २९ जानेवारी १९९२ रोजी ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी जाहीर निरोप टाकला, की लिनक्स कालबाह्य आहे. लिनक्स तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं होतं, म्हणजे बारशाच्याच दिवशी श्राद्धाचं आमंत्रण! त्याचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स हा हेलसिंकीचा बावीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने सरांच्या स्वतःच्या ‘मिनिक्स’ व्यवस्थेचे तिथल्या तिथे वाभाडे काढले. दुसऱ्या दिवशी तिखट बोलण्याबद्दल माफीही मागितली. सर म्हणाले, माझा विद्यार्थी नाहीस हे नशीब समज, अशा रचनेला मी फारसे मार्क दिले नसते. या वाक्याशेवटी सरांनी हसरा चेहरा काढला होता! फालमन यांची खूण अशी कामी आली.

निकाल ऐका. नोव्हेंबर २०१७ मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालत होते. म्हणजे पोरगा जिंकला? थांबा. त्याच वर्षी जाहीर झालं, की इंटेलच्या चिपांमध्ये आत एक छोटी गुप्त व्यवस्था बसवलेली असते, आणि ती होती सरांचं मिनिक्स. कंपनीने सरांना तसं कळवलंही नव्हतं. पंचवीस वर्षं जे दोघं ‘तू चूक’, ‘तुम्ही चूक’ म्हणून गाजले, ते एकाच डब्यात वरखाली गुण्यागोविंदाने नांदत होते. वाड्यातल्या भाडेकरूंची आठवण झाली.

इथपर्यंतचा इतिहास खेळीमेळीचा आहे, कारण तो भांडायला पुरून उरलेल्यांचा आहे. जे निघून गेले त्यांचं काय?

गप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरी व्यासपीठांपैकी एक म्हणजे यूझनेट. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना ते सुचलं आणि १९८० साली सुरू झालं. दर सप्टेंबरात कॉलेजांत नवी पोरं यायची, धसमुसळेपणा करायची. जुनेजाणते त्यांचे कान उपटून रीतभात शिकवायचे आणि दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत व्हायचं. मग या व्यासपीठाचे दरवाजे कंपन्यांनी घरोघरच्या गिऱ्हाइकांना खुले केले आणि नवख्यांचा लोंढा थांबेचना. जुनी मंडळी १९९३ सालच्या त्या सप्टेंबरला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात. त्यांचं दुःख आम्हाला समजतं. पण ज्याचे कान उपटले त्याची बाजू कुठल्याच कोशात नाही. स्पेलिंगवरून झापल्यावर जो पुन्हा आलाच नाही, त्याची नोंद कोण ठेवणार? निघून गेलेल्या माणसाचं व्हाउचर नसतं.

ही किंमत टॉरवाल्ड्सनाही शेवटी मोजावी लागली. लिनक्सचे प्रमुख म्हणून ते इतरांच्या कामातल्या चुका काढत ते इतक्या जहाल भाषेत, की तेही एक प्रेक्षणीय स्थळ झालं होतं. कामातली चूक बहुधा खरीच असे. पण १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी आपल्या वागण्याने माणसं दुखावली आणि काही काम सोडून गेली असतील, अशा अर्थाची जाहीर माफी मागून महिनाभर सुट्टी घेतली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या यशस्वी माणसाने हे करावं, याला आम्ही पाचशे महासंगणकांच्या वर ठेवू.

आपल्याकडे कॉम्प्युटर यायच्या आधीपासून हे चालू आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी ४ आले, एकूण १८. गांव, नांव, पांच यांच्या डोक्यावरची न उच्चारली जाणारी टिंबं त्यात गेली. केवढा गहजब झाला होता! पण त्या टिंबांच्या जाण्याने एकही यान पडलं नाही. गावं आपापल्या जागी आहेत.

न पडणारी यानं सोडा, पडलेली गोष्ट सांगतो. आमच्या शाखेतल्या आजी-माजी मंडळींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तीस वर्षं शाखेतल्या सगळ्यांना चहा पाजून निवृत्त झालेले शिपाईमामा त्यात आहेत. ग्रुपवर ते कधी लिहीत नसत. एक दिवस त्यांनी लिहिलं, की मुलगी नर्स झाली ‘आनी’ ‘पहीला’ पगार आईच्या हातात दिला. घराण्यातली पहिली नोकरदार मुलगी! दोन मिनिटांत आमच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचं उत्तर आलं : ‘आणि – ण हवा. पहिला – हि ऱ्हस्व.’ अभिनंदन नाही, काही नाही. दुरुस्ती शंभर टक्के बरोबर होती. मामांनी त्यानंतर एक अक्षर लिहिलेलं नाही. ‘न’ला ‘ण’ करताना आम्ही एक माणूस वजा केला. हा ताळेबंद कुठल्याही बी. कॉम.ला तोट्याचाच दिसेल.

म्हणजे चुका काढूच नयेत? असं कसं म्हणता येईल! मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतला फरक लग्नघरात कळला नाही, तर पंगत प्रवचनावर भागवावी लागेल. कॉम्प्युटरवर हा अर्धा र नीट उमटावा म्हणून युनिकोडमध्ये वेगळ्या ‘ऱ’ची सोय आहे, आणि ती असलीच पाहिजे. जिथे अर्थ बुडतो तिथे टोकावं, जरूर टोकावं. पण कसं?

अमेरिकेत एक सॉफ्टवेअर इंजिनियर आहेत. त्यांना इंग्रजीतला दोन शब्दांचा एकच वाक्प्रयोग खटकतो. कोशांना तो चालतो, यांना चालत नाही. विकिपीडियाच्या पानांतून त्यांनी तो २०१५ सालापर्यंत सुमारे ४७,००० वेळा दुरुस्त केला होता. का, ते सांगायला सुमारे ६,००० शब्दांचा निबंध वेगळा लिहून ठेवला. वेड म्हणा हवं तर. पण हे गृहस्थ लिहिणाऱ्याच्या घरी जाऊन चारचौघांत टोकत नाहीत. शब्द बदलतात आणि पुढच्या पानाकडे वळतात. चूक दाखवणारा आणि चूक सुधारणारा यांत हाच फरक. पहिल्याला प्रेक्षक लागतात.

मरिनरच्या त्या रेघेचं हेच सांगणं होतं. हेलकावे सगळ्यांचेच असतात. त्यांची सरासरी काढावी, माणूस साधारण कुठल्या दिशेला चाललाय ते बघावं, आणि मगच सुकाणूला हात लावावा. मामा चालले होते आनंदाच्या दिशेला. तेवढं बघून अभिनंदन केलं असतं तरी ‘ण’ कुठे पळून जात नव्हता.

शेवटी एक नियम सांगून ठेवतो, सर्वांच्या उपयोगाचा. ‘जे बिघडू शकतं ते बिघडतंच’ हा मर्फीचा नियम प्रसिद्धच आहे. १९९२ साली जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियातल्या संपादकांनी त्याचा धाकटा भाऊ जन्माला घातला : दुसऱ्याच्या लेखनातली चूक काढण्यासाठी जे काही लिहाल, त्यात एक चूक असणारच. नियमाचं नावही त्यांनी मुद्दाम चुकीचं ठेवलं. मराठीत ते फारच झकास दिसतं : मर्फीचा झाला मफ्री, म्हणजे डोक्यावरचा रफार घसरून पायाशी आला!

तेव्हा वाचकहो, या लेखात काही खटकलं तर जरूर पोस्टकार्ड टाका. पेटीत टाकण्यापूर्वी ते एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, म्हणजे झालं.